कावीळ किती यापेक्षा कावीळ कोणती: पित्ताचा प्रवाह कुठे अडला ते कसं शोधायचं

"डोया पिवया दिखतस," असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि तिथून धावपळ सुरू होते. गळ्यात काविळीची माळ पडते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले जातात. चार-आठ दिवसांनी तो माणूस आमच्या लॅबच्या बाकावर येऊन बसतो. रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कावीळ किती निघाली?"

जळगावात लॅब चालवताना हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकतो. आकडा सांगतो, पण सोबत दुसरा प्रश्नही सांगतो: कावीळ कोणती? बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळा रंग, ४ असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला म्हणून त्याच रात्री भरती करावं लागलेलं मी पाहिलंय. बिलिरुबिन १२ असलेला, पण बाकी तपासण्या ठीक असलेला तरुण डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरीच बरा झालेलाही पाहिलाय. हा लेख ज्या काविळीत यकृतातून पित्त पुढे सरकत नाही, तिच्याबद्दल आहे. डॉक्टर तिला कोलेस्टॅसिस म्हणतात. ती ओळखायला नेहमीच महागडी मशिनं लागत नाहीत. पायऱ्या मात्र क्रमाने चढाव्या लागतात.

आधी पित्त म्हणजे कोणतं, ते ठरवू

आपण मराठीत तीन वेगळ्या गोष्टींना पित्त म्हणतो. आंबट ढेकर आली की "पित्त झालं". अंगावर गांध्या उठल्या की "पित्त उठलं", मग आमसुलाचं पाणी चोळायचं. यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस हे तिसरं पित्त. पहिल्या दोघांचा त्याच्याशी संबंध नाही. हा घोळ निरुपद्रवी नाही. पित्त अडल्यामुळे अंगाला खाज सुटलेली बाई महिनाभर आमसूल लावत बसते, असं खरंच घडतं.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. त्यात पित्तक्षार असतात, ते तेलातुपाचं पचन करतात आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं आतड्यातून शोषायला मदत करतात. त्यात बिलिरुबिनही असतं. जुन्या लाल पेशी मोडल्या की हा पिवळा रंग तयार होतो. शौचाला जो तपकिरी रंग येतो, तो याच बिलिरुबिनामुळे.

पित्ताची वाट समजायला मला चांगदेव आठवतं. सातपुड्यातले ओहोळ नाल्यांना मिळतात, नाले नद्यांना, आणि मुक्ताईनगरजवळ चांगदेवला पूर्णा तापीत येते. यकृतातही पेशींमधल्या बारीक फटींतून पित्त निघतं, नलिकांमधून वाहत मोठं होतं, आणि यकृताच्या तोंडाशी उजवी-डावी अशा दोन नलिका एकत्र येऊन एक मोठी नलिका होते. पित्ताशय या नलिकेला बाजूने जोडलेला छोटा साठवण तलाव, जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरचा. पुढे नलिका स्वादुपिंडातून जाऊन आतड्यात उघडते.

संगमाच्या खाली हतनूर धरण आहे. दरवाजे बंद झाले की फुगवटा मागे चांगदेवपर्यंत चढतो. पित्ताचंही तसंच होतं. अडथळा खालच्या मोठ्या नलिकेत असेल, तर त्याच्या वरच्या नलिका फुगतात आणि सोनोग्राफीत दिसतात. पण वर डोंगरातले ओहोळच आटले किंवा बुजले, तर खाली फुगवटा दिसणार नाही. नलिका न फुगताही पित्त अडू शकतं, ही गोष्ट पुढे फार कामाला येते.

पित्त अडतं कशामुळे

खालच्या वाटेवर सगळ्यात जास्त सापडतो तो खडा. पित्ताशयातला खडा घरंगळून मोठ्या नलिकेत येतो आणि बूच बसतं. हिवाळ्यात भरीत पार्टी झाली, वर तेलाची तर्री असलेली शेवभाजी खाल्ली, आणि मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, खांद्यात गेली, तर ती नेहमीची अॅसिडिटी समजून गोळी घेऊन झोपू नका.

दुसरं कारण गाठ. स्वादुपिंडाच्या डोक्याची, पित्तनलिकेची, पित्ताशयाची. इथे बहुतेक वेळा सुरुवातीला दुखत नाही. पन्नाशी-साठीतला माणूस हळूहळू पिवळा होत जातो, भूक मरते, वजन घटतं, शौच पांढरट होतं. दुखत नाही म्हणून तो दवाखान्यात जात नाही, आणि इथेच महिने वाया जातात. वाढत जाणाऱ्या, न दुखणाऱ्या काविळीला मी दुखणाऱ्या काविळीपेक्षा जास्त घाबरतो. याशिवाय ऑपरेशननंतर नलिका आखडणं, क्षयाच्या गाठींचा दाब, जन्मजात फुगलेली नलिका, क्वचित नलिकेत शिरलेला जंत, हीदेखील कारणं आहेत.

वरच्या, म्हणजे यकृताच्या आतल्या अडथळ्याची यादी लांब आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपॅटायटिस ए आणि ई मध्ये पेशी सुजतात. काही रुग्णांत मूळ आजार ओसरल्यावरही पित्त आठवडेच्या आठवडे तुंबून राहतं आणि खाज सुटते. दारूने सुजलेलं यकृत, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, आणि औषधं ही पुढची कारणं. औषधांत अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे नाव लक्षात ठेवा. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही कावीळ दिसू शकते, म्हणून रुग्णाला त्यांचा संबंध जोडता येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या, क्लोरप्रोमझिन, आणि जिममध्ये दंड फुगवण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनंही पित्त अडवतात. तरुण मुलगा पिवळा होऊन आला तर मी घरच्यांना बाहेर बसवून जिमबद्दल विचारतो. झाडपाल्याच्या औषधाबद्दलही विचारतो, न रागावता. रागावलं की लोक सांगत नाहीत.

मध्यमवयीन बायकांत प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस नावाचा आजार असतो. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या बारीक नलिका कुरतडते. सुरुवात बऱ्याचदा नुसत्या थकव्याने आणि खाजेने होते, डोळे पांढरेच असतात.

आणि एक कावीळ अशी, जिच्यात पित्त अडलेलंच नसतं. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात लाल पेशी भराभर मोडतात, बिलिरुबिन जास्त बनतं, डोळे पिवळे दिसतात. पण याच रुग्णांत, अगदी लहान वयातही, बिलिरुबिनचे काळपट खडे तयार होतात आणि एखादा नलिकेत अडकू शकतो. म्हणून "याला सिकल आहे, डोळे पिवळेच असतात" असं म्हणून सोडून देऊ नये. कालपेक्षा आज पिवळेपणा वाढला असेल तर तपासावं.

पायरी पहिली: घरातच बघायच्या गोष्टी

दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघा. ट्यूबलाइटखाली बघू नका. डोळे पांढरे आणि फक्त तळवे पिवळे असतील तर ती कावीळ नसावी. रोज पपई, गाजर, भोपळा भरपूर खाणाऱ्यांचे तळवे पिवळट होतात. शहाद्याकडच्या पपईच्या पट्ट्यात हे ध्यानात ठेवलेलं बरं. बिलिरुबिन साधारण अडीच-तीनच्या पुढे गेल्यावरच डोळ्यांत दिसतं, तेव्हा डोळे स्वच्छ म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

मग लघवी आणि शौच. यातून जेवढं कळतं तेवढं कधीकधी पहिल्या रिपोर्टातूनही कळत नाही. पित्त अडलं की यकृताने प्रक्रिया केलेलं, पाण्यात विरघळणारं बिलिरुबिन रक्तात परत येतं आणि लघवीवाटे जातं. लघवी कोऱ्या चहासारखी होते, कपड्याला डाग पडतो. आतड्यात रंग पोचत नाही म्हणून शौच फिकट, मातकट, पांढऱ्या चिकणमातीसारखं होतं. सिकलसेलसारख्या काविळीत याच्या उलट. तिथलं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, मूत्रपिंडातून गळत नाही, आणि शौचाचा रंग गडदच राहतो. आमच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिऊनही लघवी गडद होते. म्हणून आधी पोटभर पाणी प्या आणि चार तासांनी पुन्हा बघा.

खाजेचीही खूण आहे. पित्त अडल्याची खाज तळहात-तळपायांना जास्त, रात्री जास्त, आणि सुरुवातीला त्वचेवर गांधी नसते. खाजवून खाजवून ओरखडे उठतात ते नंतर.

थंडी वाजून ताप, उजवीकडे पोटात दुखणं आणि कावीळ, हे तिन्ही एकत्र असतील तर पुढच्या पायऱ्या घरी मोजत बसू नका. अडलेल्या पित्तात जंतू वाढलेत अशी ती खूण असते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. असंबद्ध बोलणं, दिवसा गुंगी, नाकातून-हिरड्यांतून रक्त, यांनाही हाच नियम.

पायरी दुसरी: नमुना नीट देणं

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना. चोपड्याकडच्या एका गावातून रक्ताच्या ट्यूब मोटरसायकलच्या हँडलला पारदर्शक पिशवीत लटकवून आणल्या गेल्या. एका बाईचं बिलिरुबिन ३.१ आलं. डॉक्टरांचा फोन आला, "डोळे हळदीसारखे आहेत, हे कसं?" पुन्हा नमुना घेतला, झाकून आणला. ७.४ आलं. बिलिरुबिन उजेडात बदलतं. नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते यासाठीच. कडक उन्हात तासाभरात ते निम्म्यापर्यंत घटू शकतं. तेव्हापासून आमच्याकडे काविळीची ट्यूब काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फाच्या पॅकच्या डब्यातच येते. तुमचा नमुना घरून नेला जात असेल तर नेणाऱ्याला हे बिनदिक्कत विचारा.

ट्यूबही योग्य हवी. एलएफटी, म्हणजे यकृताच्या कामाच्या तपासणीसाठी लाल किंवा पिवळ्या बुचाची. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमला कामासाठी जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, ते ईडीटीए पकडून ठेवतं, आणि जी तपासणी पित्त अडल्याचं सांगणार तिचाच आकडा खोटा कमी येतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर, फिकट निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये, खुणेपर्यंत भरलेली. अर्धी भरलेली ट्यूब चुकीचं उत्तर देते.

उपाशीपोटी यावं का? बिलिरुबिनसाठी अट नाही, पण सोनोग्राफीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहायचंच आहे, तेव्हा दोन्ही एकाच सकाळी उरका. चरबीयुक्त जेवणानंतर ओ आणि बी रक्तगटाच्या काही लोकांत आतड्यातलं अल्कलाइन फॉस्फेटेज रक्तात वाढतं. उपाशीपोटी तो गोंधळही टळतो. धडगावहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांनी पाणी प्यायलं तरी चालतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पायरी तिसरी: एलएफटी वाचणं

आधी बिलिरुबिनचे दोन भाग बघा. टोटल साधारण १.२ पर्यंत, डायरेक्ट ०.३ पर्यंत नॉर्मल. १९१६ मध्ये व्हॅन डेन बर्ग आणि म्युलर यांनी दाखवलं की काही रुग्णांच्या रक्तातलं बिलिरुबिन रसायनाशी थेट रंग देतं आणि काहींच्या बाबतीत आधी अल्कोहोल मिसळावं लागतं. थेट रंग देणारं ते डायरेक्ट. हे यकृताने प्रक्रिया केलेलं, पाण्यात विरघळणारं. डायरेक्टचा वाटा टोटलच्या निम्म्याहून जास्त असेल तर लक्ष यकृताकडे आणि पित्तनलिकांकडे वळवायचं. फक्त इनडायरेक्ट (टोटलमधून डायरेक्ट वजा करून उरतं ते) वाढलेलं असेल तर पेशी मोडत असाव्यात, किंवा गिल्बर्ट नावाची निरुपद्रवी जन्मजात ठेवण असावी. उपास घडला की या लोकांचे डोळे थोडे पिवळे होतात, एवढंच.

इथे एक सावधगिरी. डायरेक्ट वाढलं म्हणजे नळी तुंबली, असं सिद्ध होत नाही. यकृताच्या पेशी सुजल्या तरी डायरेक्ट वाढतं. फरक सांगतात ती एन्झाइम्स. एसजीपीटी पेशींच्या आतलं, पेशी फुटल्या की सांडतं. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी पित्तनलिकांच्या बाजूचे, पित्त अडलं की वाढतात. फॉस्फेटेज हाडांतूनही येतं, गरोदरपणात वारेतूनही येतं, वाढत्या वयाच्या मुलांत मुळातच जास्त असतं. म्हणून सोबत जीजीटी. दोन्ही वाढले तर बोट यकृताकडे. फॉस्फेटेज वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल, तर हाड. एकटं जीजीटी दारूने आणि फिटच्या काही गोळ्यांनीही वाढतं, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

घरी कागद-पेन घेऊन करता येईल असा एक हिशेब आहे. तुमचा एसजीपीटी भागिले लॅबची वरची मर्यादा. तुमचं फॉस्फेटेज भागिले त्याची वरची मर्यादा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. ५ किंवा जास्त आलं तर मार पेशींवर, २ किंवा कमी आलं तर पित्त अडलेलं, मधलं आलं तर मिश्र. मर्यादा ४० आणि १३० धरून दोन उदाहरणं घेऊ.

टोटल ८.६, डायरेक्ट ६.४, एसजीपीटी १८५०, फॉस्फेटेज १९०. पहिला भागाकार ४६, दुसरा जवळपास दीड, उत्तर तिसाच्या वर. हा हेपॅटायटिस. आता टोटल ११, डायरेक्ट ८.७, एसजीपीटी ९५, फॉस्फेटेज ६२०, जीजीटी ७१०. भागाकार २.४ आणि ४.८, उत्तर अर्धा. इथे पित्त अडलंय. दोघांचे डोळे सारखेच पिवळे, बाकावर शेजारी बसले तर ओळखू येणार नाहीत.

हा हिशेब एका ठिकाणी हमखास फसतो. खडा नुकताच अडकला असेल, तर पहिल्या दिवशी एसजीपीटीच उसळतो, कधी शेकड्यांत. फॉस्फेटेज यकृताला नव्याने बनवावं लागतं, त्याला वेळ लागतो. म्हणून पोटात कळ येऊन गेलेल्या माणसाचा पहिला रिपोर्ट हेपॅटायटिससारखा दिसला, तरी दोन दिवसांनी तपासणी पुन्हा करा. एसजीपीटी झरझर उतरला आणि फॉस्फेटेज चढलं, तर खडा शोधा.

एलएफटीची सोय नसलेल्या ठिकाणी लघवी कामाला येते. डिपस्टिकवर, म्हणजे लघवीत बुडवायच्या पट्टीवर, बिलिरुबिन आलं म्हणजे वाढलेलं बिलिरुबिन डायरेक्ट आहे. जुनी गंधकाची चाचणीही मला अजून आवडते: थंड लघवीवर गंधकाची पूड हळूच टाकायची. पित्तक्षार असतील तर पूड बुडते, नसतील तर तरंगते.

पायरी चौथी: आयएनआर

ही तपासणी लोक पैसे वाचवायला गाळतात. मी ती गाळू देत नाही. पित्त आतड्यात पोचलं नाही की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, आणि त्याशिवाय रक्त गोठवणारी प्रथिनं यकृताला पूर्ण करता येत नाहीत. आयएनआर वाढलेला असेल तर डॉक्टर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात आणि साधारण २४ तासांनी पुन्हा तपासतात. झपाट्याने सुधारला तर यकृत काम करतंय, माल पोचत नव्हता. सुधारलाच नाही तर यकृतच थकलंय. हा रुग्ण कितीही चालता-बोलता असला तरी त्याला मोठ्या केंद्रात हलवायला हवं.

पायरी पाचवी: फुगवटा शोधणं

आता सोनोग्राफी. मोठी नलिका साधारण ६-७ मिलिमीटरपर्यंत असते. पित्ताशय काढलेल्यांत १० पर्यंतही चालते. नलिका फुगलेल्या असतील तर अडथळा खाली आहे. मात्र नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा सोनोग्राफीत बऱ्याचदा लपतो, आतड्यातली हवा आड येते. "खडा दिसला नाही" याचा अर्थ "खडा नाही" असा घेऊ नका. पुढे एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. त्यात नलिकांचा नकाशा दुर्बीण न घालता मिळतो. खडा काढायचा किंवा नळी बसवायची असेल तेव्हा ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून. केवळ बघण्यासाठी ईआरसीपी करू नये. त्यातून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

नलिका फुगलेल्या नसतील तर पुन्हा लॅबकडे यायचं. हेपॅटायटिसच्या तपासण्या, औषधांची उजळणी, आणि एएमए नावाची अँटिबॉडी. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत ती सापडते. एवढ्यानेही उलगडलं नाही तर यकृताचा तुकडा काढून तपासतात.

सीए १९-९ या रक्ततपासणीबद्दल एक विनंती. पित्त अडलेलं असताना ही कॅन्सरची खूण साध्या खड्यानेही वाढते. आकडा बघून घरात रडारड झालेली मी पाहिलीय, आणि खडा काढल्यावर तो आकडा उतरलेलाही पाहिलाय. आधी अडथळा मोकळा होऊ द्या.

अडथळा निघाल्यावर डोळे लगेच पांढरे होत नाहीत. काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला पक्कं चिकटलेलं असतं, ते अल्ब्युमिनसोबतच हळूहळू जातं, त्यातलं निम्मं जायलाच दोन-तीन आठवडे लागतात. लघवी आधी साफ होते, डोळे मागून.

माळेबद्दल. हेपॅटायटिस ए बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो, तेवढ्यात माळ लांब होऊन छातीवर येते, श्रेय तिला मिळतं. गळ्यात माळ असली तरी माझी तक्रार नाही. मात्र नाकात देवडांगरीचा रस घालणं आणि पोटावर चटक्यांचे डाग देणं, हे करू नका. आणि माळ घातलीय म्हणून तपासणी पुढे ढकलू नका, कारण खडा आणि गाठ वाट बघत नाहीत.

गरोदर बाई

शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री खाज येत असेल तर "पोटावरची कातडी ताणली जातेय" म्हणून सोडू नये. पित्तक्षारांची तपासणी करावी. त्यांचं प्रमाण लिटरमागे ४० मायक्रोमोलच्या वर गेलं तर पित्त अडण्याचा हा आजार गंभीर धरतात आणि १०० च्या वर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. इथे फॉस्फेटेजवर विसंबता येत नाही, वारेमुळे ते वाढलेलंच असतं. पावसाळ्यात गरोदर बाईला कावीळ झाली तर हेपॅटायटिस ई लगेच तपासा. तो गरोदरपणात जिवावर बेततो.

तान्हं बाळ

जन्मानंतरची साधी कावीळ बहुतेक बाळांची पहिल्या दोन आठवड्यांत जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोळे १४ दिवसांनंतरही पिवळे असतील, तर ऊन दाखवत बसू नका. फक्त टोटल नको, डायरेक्टही मागा. डायरेक्ट १ च्या वर असेल तर ते नॉर्मल नाही, बाळ कितीही गुटगुटीत दिसलं, दूध कितीही छान पीत असलं तरी. बिलिअरी अॅट्रेसिया या आजारात बाळाच्या पित्तनलिका बुजत जातात. जपानच्या डॉ. कासाई यांच्या नावाने ओळखलं जाणारं ऑपरेशन बाळ ६० दिवसांचं होण्याआधी झालं तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते. जितका उशीर, तितकं यकृत आतून कडक होत जातं.

म्हणून लंगोट दिवसाच्या उजेडात बघा. पिवळं, हिरवं, मोहरीसारखं शौच चालतं. पांढरं, राखाडी किंवा फिकट मातकट शौच एकदाही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आशाताईंनी बाळंतिणीला भेटायला गेल्यावर "शी कशी आहे?" एवढंच विचारून थांबू नये, लंगोट मागून बघावा. अशा बाळाच्या मेंदूत व्हिटॅमिन के अभावी रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा अक्कलकुव्याहून किंवा धडगावहून बाळाला पुढे पाठवताना तिथल्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन आधी द्यावं, आणि डोस व वेळ चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी आईच्या हातात द्यावी.